अर्नेस्ट जोन्स: बेड्या काढा म्हणणारा बॅरिस्टर

लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न पाठवला आहे. १८५७ च्या उठावाची उघड बाजू घेणारा इंग्रज म्हणून अर्नेस्ट जोन्सचं नाव तिच्या वाचनात आलं. ती विचारते: हा माणूस बॅरिस्टर होता, राजद्रोहाच्या भाषणासाठी दोन वर्षं तुरुंगात गेला, मग परत वकिली कशी करू शकला? आणि आयुष्यात एकही निवडणूक जिंकला नाही, तर त्याला राजकारणी म्हणून मोजायचं कशाच्या जोरावर?

तीस वर्षांहून जास्त काळ मी फौजदारी बाजू चालवतो आहे, बहुतेक वेळा आरोपीकडून. जोन्सकडे मी आलो तो एका जुन्या खटल्याच्या हकिगतीमुळे, त्याच्या कवितांमुळे किंवा मार्क्सशी असलेल्या मैत्रीमुळे नाही. म्हणून माझं उत्तर वकिलाचं आहे. त्याची कारकीर्द सहसा अशी सांगतात की तरुणपणी पेटलेला माणूस पुढे थंडावला, मध्यमवर्गाशी जुळवून घेत वकिलीत रमला. मला हे पटत नाही. अंगावर पुन्हा गाऊन चढवल्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत त्याने जे केलं, त्यात त्याचं आधीचं सगळं राजकारण उतरलेलं दिसतं.

आधी त्याचं घराणं, कारण ते कळल्याशिवाय पुढची उडी किती मोठी होती हे समजत नाही. जन्म २५ जानेवारी १८१९, बर्लिनमध्ये. वडील मेजर चार्ल्स जोन्स हे ड्यूक ऑफ कंबरलंडच्या पदरी होते, आणि हे ड्यूक, जे पुढे हॅनोव्हरचे राजे झाले, तेच बाळाचे धर्मपिता. बालपण उत्तर जर्मनीतल्या होल्श्टाइन भागात गेलं. १८३८ मध्ये कुटुंब इंग्लंडला आलं, १८४१ मध्ये या तरुणाची राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात रीतसर ओळख करून दिली गेली आणि १८४४ मध्ये, बॅरिस्टरी देणाऱ्या लंडनच्या ज्या संस्थांना ‘इन’ म्हणतात त्यांपैकी मिडल टेम्पलने त्याला बॅरिस्टर केलं. त्याच सुमारास मालमत्तेच्या एका व्यवहारात तो असा अडकला की दिवाळं निघालं. १८४६ मध्ये तो चार्टिस्टांच्या, म्हणजे मजुरांसाठी मताधिकार मागणाऱ्यांच्या, व्यासपीठावर उभा दिसतो.

दिवाळखोरीनंतर लगेच मजुरांचा कैवार, यावरून त्याच्या हेतूंवर तेव्हाही शंका घेतली गेली आणि आजही घेतली जाते. माझ्याकडे अशील कुठल्या अडचणीतून आला ते मी जरूर विचारतो, पण माणूस पारखतो तो त्यानंतर तो कसा वागला यावरून. चार्टिस्ट होण्यात पैसा नव्हता, दरबारी ओळखींना तर कायमचा रामराम होता. जोन्स तिथे मरेपर्यंत टिकला.

चार्टिस्ट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १८३२ च्या सुधारणेने इंग्लंडात मध्यमवर्गाला मत मिळालं, मजूर बाहेरच राहिला. १८३८ मध्ये ‘लोकांची सनद’ (पीपल्स चार्टर) निघाली, तिच्या सहा मागण्या होत्या: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द, खासदाराला पगार, सारख्या लोकसंख्येचे मतदारसंघ आणि दरवर्षी संसदेची निवडणूक. पहिल्या पाच आज इतक्या साध्या वाटतात की त्यांच्यासाठी माणसं तुरुंगात गेली यावर विश्वास बसत नाही.

आता निवडणुकांबद्दल. १८४७ मध्ये जोन्स यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्समधून उभा राहिला. तेव्हाची पद्धत अशी: मैदानात लाकडी मंच बांधायचा, उमेदवारांनी त्यावरून भाषणं करायची, मग निवडणूक अधिकारी जमलेल्यांना हात वर करायला सांगायचा. हा पहिला कौल. यात मत नसलेला विणकरसुद्धा हात वर करू शकत असे. हरणारा उमेदवार मग ‘पोल’ मागायचा, आणि तिथे फक्त नोंदलेले मतदार एकेक करून, सगळ्यांसमोर, मोठ्याने आपलं मत सांगायचे. घरमालक ऐकतोय, गिरणीमालक ऐकतोय, अशा स्थितीत. हॅलिफॅक्सच्या मैदानात वर गेलेल्या हातांत जोन्सची बाजू भारी होती. पोलमध्ये निवडून आलेल्या दोघांना पाचशेच्या थोडी पुढे मतं पडली, जोन्सला २८०. पाच वर्षांनी तो तिथूनच पुन्हा उभा राहिला तेव्हा तर चाळीसही मतं मिळाली नाहीत. नॉटिंगहॅममध्ये १८५७ आणि १८५९ ला पुन्हा हार. ज्यांना मतच नाही त्यांचा पुढारी पोलमधून निवडून येणार कसा? त्याच्या हरण्यातच त्याची मागणी सिद्ध होत होती, आणि हे तो प्रत्येक मंचावरून सांगत असे.

मग १८४८ चं वर्ष आलं. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला आणि युरोपभर वणवा पेटला. १० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन कॉमन मैदानावर चार्टिस्ट जमले, तिसरी मोठी याचिका संसदेकडे न्यायला. फीअर्गस ओ’कॉनर हा मुख्य पुढारी, आणि जोन्स त्याच्या अगदी जवळचा. सरकारने हजारो नागरिकांना विशेष हवालदाराची शपथ दिली होती, पूल अडवले होते. ओ’कॉनरने मोर्चा विसर्जित केला. याचिकेवर सत्तावन्न लाख सह्या असल्याचं तो म्हणाला. संसदेच्या समितीने मोजल्या तेव्हा वीस लाखांच्या आत भरल्या, आणि त्यातही राणीच्या नावाच्या खोट्या सह्या निघाल्या. चळवळीची टवाळी झाली. वीस लाख म्हणजे तरीही त्या देशात मताधिकार असलेल्यांपेक्षा जास्त लोक, पण टवाळी करणाऱ्यांनी ही बेरीज केली नाही.

मे महिन्यात आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या जॉन मिचेलला नव्याकोऱ्या कायद्याखाली चौदा वर्षं काळं पाणी झालं. ४ जूनला लंडनच्या पूर्व भागातल्या बिशप बॉनर्स फील्ड्स मैदानावर जोन्स बोलला. संघटित व्हा, मग डाउनिंग स्ट्रीटवर आयर्लंडचा हिरवा झेंडा फडकलेला पाहाल. मिचेल मायदेशी परत येईल आणि त्याच्या जागी पंतप्रधान रसेल आणि गृहमंत्री ग्रे यांना धाडलं जाईल, अशा आशयाचं ते भाषण. दोन दिवसांत त्याला मँचेस्टरमध्ये पकडलं. जुलैत ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात खटला, दोन वर्षं कैद.

हिरवा झेंडा फडकेल असं म्हणणं म्हणजे भाकीत, की चिथावणी? लोकमान्यांवरच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांचा अभ्यास केलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. शब्द वक्त्याचे, अर्थ सरकारी वकिलाचा, आणि मध्ये बसलेली ज्युरी, जी आरोपीच्या वर्गातली नाही. फरक शिक्षेत पडला. जोन्सवर जुन्या इंग्रजी प्रथा-कायद्यातला राजद्रोहाचा आरोप होता, तो गुन्हा दुय्यम दर्जाचा, त्यात कैद होती, काळं पाणी नव्हतं. आपल्याकडे १८७० मध्ये राजद्रोहाचं कलम १२४-अ आलं ते जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंतची तरतूद घेऊन. इंग्लंडातल्या इंग्रजाला दोन वर्षं मिळाली, पुण्यातल्या संपादकाला मंडालेची सहा.

टॉटहिल फील्ड्सचा तुरुंग मात्र सौम्य नव्हता. तिथे मौनाचा नियम होता: कैद्याने कैद्याशी बोलायचं नाही. जोन्सचा बराचसा काळ एकांतात गेला. काम दिलं जायचं ते डांबरलेले जुने दोर बोटांनी उकलून त्यांचा काथ्या मोकळा करण्याचं; दोर इतके कडक असत की नखं उलटायची. राजकीय कैदी आहोत, हे करणार नाही, असं चार्टिस्टांनी सांगितलं की पाव आणि पाणी एवढाच आहार. १८४९ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये पटकी पसरली, आणि जोसेफ विल्यम्स आणि अलेक्झांडर शार्प हे त्याचे दोन सहकारी त्याच तुरुंगात पटकीने मेले. कागद-शाई मिळेना म्हणून एक दीर्घ कविता आपण स्वतःच्या रक्ताने लिहिली असं जोन्स पुढे सांगत असे. काही इतिहासकार ते मानत नाहीत. पुराव्याच्या दृष्टीने ही एकाच माणसाची साक्ष आहे, मी तिच्यावर भार टाकणार नाही. विल्यम्स आणि शार्प यांच्या मृत्यूला मात्र अशा साक्षीची गरज नाही.

तुमच्या वकिलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. मिडल टेम्पलने जोन्सचं नाव यादीतून काढलं नाही. तो १८५० च्या जुलैत सुटला तेव्हाही बॅरिस्टर होता. दहा वर्षं त्याने ती पात्रता वापरलीच नाही, एवढंच. हीच गोष्ट आपल्या माणसांच्या बाबतीत कशी घडली ते शेजारी ठेवून पाहा. श्यामजी कृष्णवर्मांचं नाव इनर टेम्पलने १९०९ मध्ये काढून टाकलं, तेही फक्त वृत्तपत्रांत लिहिल्याबद्दल, खटलाही नव्हता. त्याच वर्षी ग्रेज इनने परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सावरकरांना बॅरिस्टरी द्यायला नकार दिला. गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा झाली म्हणून १९२२ मध्ये इनर टेम्पलने त्यांचं नाव खोडलं, ते परत लावलं १९८८ मध्ये. श्यामजींना तर २०१५ पर्यंत थांबावं लागलं. काळ वेगळा, इन्स वेगवेगळ्या, त्यामुळे सरळ गणित मांडता येत नाही. पण चार ओळींचा हा ताळा मांडल्यावर मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

सुटल्यावर त्याने चळवळीचं उरलेलं घर सांभाळलं. ओ’कॉनरचा मानसिक तोल ढळत चालला होता, शाखा ओस पडत होत्या. १८५१-५२ मध्ये त्याने ‘नोट्स टु द पीपल’ हे नियतकालिक चालवलं, १८५२ पासून ‘पीपल्स पेपर’ हे साप्ताहिक. कार्ल मार्क्स त्यात मानधन न घेता लिहायचा. १८५६ च्या एप्रिलमध्ये या पत्राच्या वाढदिवसाला मार्क्सने केलेलं भाषण आजही उद्धृत होतं. साम्राज्यावर सूर्य मावळत नाही, पण तिथलं रक्तही वाळत नाही, हे वाक्य जोन्सचं. १८५१ मधलं, म्हणजे मीरतच्या सहा वर्षं आधीचं.

आणि १८५७. मीरतची ठिणगी १० मेची, बातमी लंडनला पोचायला जूनची अखेर. त्यानंतरच्या महिन्यांत लंडनच्या पत्रांतून काय हवा होती ती कल्पना करा: कानपूरच्या कत्तलीच्या हकिगती, सूडाची मागणी, चर्चमधून प्रायश्चित्ताचा दिवस. अशा वातावरणात जोन्सने ‘पीपल्स पेपर’मध्ये आठवड्यामागून आठवडे लिहिलं की हिंदुस्थानचा हा उठाव जगाच्या इतिहासातल्या अत्यंत न्याय्य, उदात्त आणि आवश्यक उठावांपैकी आहे. त्याची मांडणी वकिली होती आणि तीच मला आवडते. पोलंड रशियाविरुद्ध उठला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, हंगेरी ऑस्ट्रियाविरुद्ध उठली तेव्हा वाजवल्या. मग तत्त्व एकच असेल तर हिंदू-मुसलमान कंपनीविरुद्ध उठले तेव्हा निकाल उलटा कसा? परकी सत्ता, लुटलेला महसूल, मोडलेले करार. तिन्हीकडे वस्तुस्थिती सारखी. नजीर, म्हणजे आधीचा दाखला, सारखी, तर न्याय सारखा. इंग्रज मजुराला त्याने बजावलं की या युद्धाचा खर्च तुझ्या खिशातून जाणार आणि नफा तुझ्याच मालकांना मिळणार. तुरुंगातली ती दीर्घ कविता, ‘द न्यू वर्ल्ड’, त्याने त्या वर्षी ‘द रिव्होल्ट ऑफ हिंदोस्तान’ या नावाने पुन्हा छापली, कारण तिच्यात हिंदुस्थान उठेल हे आधीच लिहिलेलं होतं.

याने उठावाला प्रत्यक्ष फायदा काही झाला नाही. पत्राचा खप कमी, तिजोरी रिकामी. १८५८ मध्ये ते बंद पडलं. पण इंग्लंडात तेव्हा इतक्या सरळ शब्दांत हे लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांच्यातला हा एक असा, जो राजद्रोहाखाली एकदा जाऊन आलेला होता. दुसऱ्यांदा काय होऊ शकतं हे त्याला माहीत होतं.

त्याच वर्षी तो मध्यमवर्गीय सुधारकांशी हातमिळवणी करायला निघाला. सहाही मागण्या एकदम मिळणार नाहीत, मताधिकारावर आधी एकी करू, असं त्याचं म्हणणं. मार्क्स तुटला. कादंबरीकार आणि पत्रकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने त्याच्यावर चळवळीच्या पैशांवरून आरोप केले. जोन्सने १८५९ मध्ये बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. (हा तोच रेनॉल्ड्स, ज्याच्या कादंबऱ्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात झपाटल्यासारख्या वाचल्या जात, आणि ज्याची छाया हरिभाऊ आपट्यांच्या पहिल्या कादंबरीवर आहे.) दावा जिंकला तरी घर चालेना. तेव्हा त्याने गाऊन पुन्हा अंगावर चढवला आणि १८६१ मध्ये बिऱ्हाड मँचेस्टरला हलवून उत्तरेच्या सर्किटवर, म्हणजे फिरत्या न्यायालयांत, वकिली सुरू केली.

मँचेस्टरची ती वर्षं कापसाच्या दुष्काळाची. अमेरिकेत यादवी युद्ध, दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत, लँकेशायरच्या गिरण्या बंद. याच वर्षांत मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा पाऊस पडत होता आणि वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी कपाशीखाली जमीन आणत होता. तिकडे विणकर सूपच्या रांगेत होते. दक्षिणेला मान्यता द्या, नाकेबंदी मोडा, कापूस आणा, असं त्यांना सांगणारे पुढारी होते. जोन्स गावोगाव जाऊन उपाशी मजुरांना उलट सांगत होता: हे गुलाम बाळगणाऱ्यांचं युद्ध आहे, त्यांच्या बाजूला जाऊ नका.

आता तो प्रसंग, ज्यामुळे मी या माणसाकडे ओढला गेलो. १८ सप्टेंबर १८६७ रोजी मँचेस्टरच्या हाइड रोडवर, रेल्वेच्या कमानीखाली, कैद्यांची गाडी अडवून फेनियनांनी, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध शस्त्र उचललेल्या आयरिश क्रांतिकारकांनी, आपले दोन पुढारी सोडवले. गाडीच्या कुलपावर गोळी झाडली गेली आणि आतला सार्जंट ब्रेट मेला. शहरात आयरिश वस्त्यांवर धाडी पडल्या, दिसेल त्याला उचललं. आठवड्याभराने आरोपींना मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशीसाठी आणलं ते हातकड्या घालून, एकमेकांना जखडून. सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणारा वकील, होता डब्ल्यू. पी. रॉबर्ट्स, जुना चार्टिस्ट, खाणमजुरांचा वकील म्हणून नावाजलेला. बॅरिस्टर जोन्स.

जोन्स उभा राहिला आणि साक्षी सुरू होण्याआधी म्हणाला की ज्यांना कायदा अजून निर्दोष मानतो त्यांना शिकारी कुत्र्यांसारखं एकत्र बांधून कोर्टात आणणं हे न्यायाला शोभत नाही, बेड्या काढा. पोलिसांचं म्हणणं पडलं की त्या लागतातच. मॅजिस्ट्रेटने पोलिसांवर सोडलं. जोन्सने पुन्हा मागणी केली, पुन्हा नकार. तेव्हा, जिथे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या वरचढ आहेत अशा कोर्टात इंग्लिश बारचा सदस्य म्हणून मी बसणार नाही, असं सांगून त्याने ब्रीफ, म्हणजे हाती घेतलेलं खटल्याचं काम, टाकलं आणि तो बाहेर पडला.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत एका तालुक्याच्या कोर्टात माझ्यावर असाच प्रसंग आला होता. चोरीच्या संशयावरून पकडलेला विशीतला मुलगा, रिमांडसाठी आणलेला, हातकडी कॉन्स्टेबलच्या पट्ट्याला बांधलेली. मी १९८० चा प्रेमशंकर शुक्लाचा निकाल पुढे केला, ज्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरसकट हातकडी घालणं घटनाबाह्य ठरवलं आहे. मला ‘पुढे बोला’ असं सांगण्यात आलं. मी पुढे बोललो. त्या मुलाने सबंध वेळ दुसऱ्या हाताने ती कडी झाकून धरली होती, मागे त्याची आई बसली होती म्हणून. जोन्सची हकिगत मी त्यानंतर काही वर्षांनी वाचली.

ब्रीफ टाकणं बरोबर होतं का, यावर वकिलांत दोन मतं होतील. आरोपीला त्या क्षणी सोडून जाणं हा धोका आहे, आणि मी ज्युनियरना सहसा तसं करू नका असंच सांगतो. पण जोन्स अशिलांना सोडून गेला नाही. ऑक्टोबरअखेर विशेष न्यायालयापुढे खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या बाकावर तो होताच. पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यातल्या मॅग्वायरचा गुन्ह्याशी संबंधच नव्हता, हे खटला ऐकणाऱ्या पत्रकारांनीच सरकारला लिहून कळवलं आणि त्याला माफी द्यावी लागली. ज्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं तिनेच, त्याच साक्षीदारांवर विसंबून, इतरांनाही ठरवलं होतं, ही गोष्ट बचाव पक्षाने पुन्हा पुन्हा मांडली. उपयोग झाला नाही. कॉन्डनची फाशी टळली. ॲलन, लार्किन आणि ओ’ब्रायन यांना २३ नोव्हेंबरला सॅलफर्डच्या तुरुंगाबाहेर, जमावासमोर लटकवण्यात आलं.

मध्यमवर्गाला विकला गेलेला माणूस त्या शरदात, त्या शहरात, फेनियनांचं ब्रीफ घेत नाही. घेतलं तरी कडीवरून कोर्ट सोडत नाही. १८४८ मध्ये ज्या आयरिश झेंड्यासाठी तो तुरुंगात गेला होता, त्याच लोकांच्या बाजूला तो एकोणीस वर्षांनी पुन्हा उभा होता, फक्त या वेळी आरोपीच्या पिंजऱ्याच्या पुढच्या बाकावर.

१८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरांतल्या घरपट्टी भरणाऱ्या मजुराला मत मिळालं. १८६८ च्या निवडणुकीत जोन्स मँचेस्टरमधून उभा राहिला आणि दहा हजारांहून जास्त मतं घेऊनही पडला. हॅलिफॅक्सच्या त्या ३७-३८ मतांशेजारी हा आकडा ठेवा, मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वेगळं द्यावं लागणार नाही. पुढची जागा रिकामी होईल तेव्हा उदारमतवाद्यांचा उमेदवार कोण, हे ठरवायला १८६९ च्या जानेवारीत मँचेस्टरमध्ये एक चाचणी मतदान घेतलं गेलं, गुप्त पद्धतीने, पेटीत चिठ्ठी टाकून. जोन्स त्यात माजी मंत्री मिल्नर गिब्सनवर मात करून निवडला गेला. थंडीतल्या सभांनी त्याची छाती भरली होती. २५ तारखेला पन्नास वर्षं पूर्ण झाली, २६ ला तो गेला.

मँचेस्टरने त्याला आर्डविकच्या दफनभूमीपर्यंत पोचवलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. शिकलेल्या इंग्रज राजकारण्यांमध्ये मनापासून आपल्या बाजूचा असा हा एकच होता, असं एंगेल्सने मार्क्सला लिहिलं, सगळी भांडणं झाल्यानंतरही. ती दफनभूमी आता उरलेली नाही. तिथे खेळाचं मैदान आहे.